कथा फुकट वाचायला दिली की हक्क जातो?

फोंडेकरीण: फोंडा-पणजी कदंब बसमध्ये बसून मोबाइलवर कथा लिहिते. पैसे नकोत, कुणीही वाचावं. पण परवा माझी जत्रेची कथा कुणीतरी स्वतःच्या नावावर खपवली. खाजं तोलताना हळूच एक तुकडा तोंडात टाकणारी म्हातारीसुद्धा जशीच्या तशी!

म्हापसेकर: छे हो! 1957च्या कॉपीराइट कायद्याने लिहिल्या क्षणी हक्क तुमचा, नोंदणीची सक्ती नाही. हयातभर, पुढे 60 वर्षं. खाली क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे फुकट वाटायच्या लेखनासाठी तयार मिळणारा, ‘नाव द्या, धंदा नको’वाला परवाना लावा.

डिचोलकर: परवान्याने चोर थांबतोय थोडाच! तक्रारीला बरा पडतो, इतकंच. आणि एकदा दिला की मागे घेता येत नाही. दिवाळी अंकाला पाठवायची कथा मात्र आधी टाकू नका, बरेच संपादक अप्रकाशितच मागतात.

फोंडेकरीण: मग माटोळीवरची, चतुर्थीला गणपतीवर फळं-पानं टांगतात त्यावरची कथा, राखून ठेवते.