लँडर्स पीक आणि 'माणसाचा स्पर्श न झालेली' अमेरिका

तिखटमीठ: काल इथे कुणीतरी चित्रकार अल्बर्ट बिअरस्टाटचं 1863 सालचं 'द रॉकी माउंटन्स, लँडर्स पीक' टाकलं आणि वर लिहिलं, 'माणसाचा स्पर्श न झालेली अमेरिका'. खाली बदामांचा पाऊस. अहो, चित्र बघितलं तरी का? पुढे शोशोनी या तिथल्या मूळ रहिवाशांची अख्खी वस्ती आहे! तंबू, घोडे, मारून आणलेली जनावरं. ती माणसं मोजायचीच नाहीत का? आणि शिखराला ज्याचं नाव दिलं, तो फ्रेडरिक लँडर सरकारतर्फे तिकडे गाड्यांचा रस्ता काढत होता. 1859 मध्ये चित्रकार त्याच्याच तुकडीबरोबर गेला होता. म्हणे स्पर्श नाही!

गडकरी_नव्हे_गडप्रेमी: झालं, निसर्गचित्रातही अन्याय सापडला. वस्ती बिअरस्टाटनेच रंगवलीय ना? मग पोस्टवाल्याचा राग त्याच्यावर कशाला? न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात मी या चित्रासमोर उभा राहिलोय. दहा फूट रुंद चित्र, आणि मधल्या धबधब्यावरच तेवढं ऊन पडलंय. बायको पुढे निघून गेली तरी मला पत्ता नाही.

तिखटमीठ: ते ऊनच तर नाटकी आहे. स्टुडिओत बसून जुळवलेलं. 1865 मध्ये 25,000 डॉलरला विकलं गेलं, ते काय उगाच? आणि 1863 च्याच जानेवारीत बेअर नदीकाठी अमेरिकी फौजेने शेकडो शोशोनी मारले.

गडकरी_नव्हे_गडप्रेमी: बेअर नदी आयडाहोत, हे डोंगर वायोमिंगचे. टोळीही वेगळी. उगाच चिकटवू नका. उलट अशाच चित्रांमुळे जंगलं वाचली. चित्रकार थॉमस मोरानचं यलोस्टोनचं चित्र बघून काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, तिथे राष्ट्रीय उद्यान केलं.

जर्सीची_माई: यलोस्टोनचं नाव काढू नका! आमच्या टूरवाल्याने तिथल्या ओल्ड फेथफुलचा गरम पाण्याचा फवारा उडायच्या आधीच सगळ्यांना बसमध्ये कोंबलं. का? तर जेवण गार होतंय. एवढ्या लांब जाऊन काय बघितलं, तर आमरस!

पुणेरी_पाटी: घरी बसून आमरस स्वस्त पडला असता, माई.

मधुमेही_बाबांचा_मुलगा: हसा. माझ्या वडिलांना वेळेवर पोळीभाजी मिळाली म्हणून ते अमेरिका बघू शकले. सगळ्यांनी काय बर्गर खाऊन निसर्ग बघायचा?

जर्सीची_माई: तुमच्या वडिलांना कोण बोललं? डबा बरोबर घेता येतो एवढंच म्हणतेय.

मधुमेही_बाबांचा_मुलगा: बारा दिवसांचा डबा? तुम्ही करून देणार का?

तिखटमीठ: अरे, धागा कसला चाललाय! गडप्रेमी, उद्यानाचा कायदा 1 मार्च 1872 चा. मोरानचं ते मोठं चित्र त्यानंतर पूर्ण झालं. काँग्रेसने ते 10,000 डॉलरला घेतलं, पण उद्यान आधीच झालेलं होतं.

गडकरी_नव्हे_गडप्रेमी: बरं बाबा, मोठं चित्र नंतरचं. पण 1871 च्या यलोस्टोन मोहिमेतली त्याची जलरंगातली चित्रं आणि बरोबरच्या छायाचित्रकार जॅक्सनचे फोटो खासदारांना आधी दाखवले होते, ते सोयीने विसरलात. साहेब, तुम्ही वाटेल तेवढे बरोबर असा, लँडर्स पीक मला आवडतं ते आवडतंच.

तिखटमीठ: आवडू द्या की! मलाही आवडतं. फक्त वर 'माणूस नाही' असं लिहू नका.

पुणेरी_पाटी: मग एवढा वेळ भांडलात कशाला?

नवीन_सभासद: माई, टूर कंपनीचं नाव मेसेज कराल का? आईबाबांना मे महिन्यात पाठवायचंय. फवारा चुकला तर चालेल, पोळी लागते.