चेन जडसनची, पण दात संडबॅकचे

कपड्यांची, दप्तराची चेन, म्हणजे झिप, अमेरिकन संशोधक व्हिटकॉम्ब जडसनने १८९३ साली शोधली असं बऱ्याचदा म्हटलं जातं. पेटंटची तारीख बरोबर आहे, पण त्याची चेन म्हणजे बुटांसाठी केलेली हूक आणि कड्यांची रांग होती. ती अडकायची, मधेच उघडायची. आज आपण रोज ओढतो ती चेन खरं तर गिडिऑन संडबॅकची. हा स्वीडनमधून अमेरिकेत गेलेला इंजिनिअर. त्याने १९१३ मध्ये हूक काढूनच टाकले आणि इंचाला चारऐवजी दहा-अकरा दात बसवले.

एखादी जुनी पितळी चेन उजेडात धरून बघा. प्रत्येक दाताला एका बाजूला उंचवटा, दुसऱ्या बाजूला खळगा. रनरच्या, म्हणजे आपण ओढतो त्या सरकत्या तुकड्याच्या, आतल्या वाटा दोन्ही पट्ट्यांना अशा कोनात वळवतात की एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यात अलगद बसतो. एकटा दात काहीच धरत नाही, शेजारचे दोघे त्याला हलू देत नाहीत. मला ही कल्पना फार सुंदर वाटते.

'झिपर' हे नाव १९२३ मध्ये गुडरिच कंपनीने आपल्या रबरी बुटांसाठी वापरलं, तेच पुढे रूढ झालं.

आणि एक, दप्तराची चेन लावल्यावर मागून उघडत असेल तर लगेच नवी घालू नका. बहुतेकदा दात शाबूत असतात, रनर फाकलेला असतो. त्याच्या दोन्ही कडा पकडीने हलकेच दाबा, दातांवरून मेणबत्ती फिरवा. माझ्या मुलीचं दप्तर असंच दोन वर्षं चाललंय.