युद्ध जिंकून चारच वर्षांत अमेरिकेनं नवी घटना का लिहिली?

सातरस्ता_अभ्यासिका
नमस्कार. मी सोलापुरातच इतिहासात एम.ए. करतेय, यंदा अमेरिकेचा पेपर आहे. नोट्समध्ये 'आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन'वर, म्हणजे अमेरिकेच्या पहिल्या घटनेवर, एकच वाक्य आहे: १७८१ च्या या व्यवस्थेत केंद्र दुबळं होतं, म्हणून १७८७ ला नवी घटना आली. पण याच दुबळ्या सरकारनं इंग्रजांना हरवलं ना? १७८१ ला यॉर्कटाउनचा विजय, १७८३ ला इंग्रजांशी पॅरिसचा तह. मग चार वर्षांत असं काय बिघडलं? आणि फिलाडेल्फियाला जमलेल्या लोकांना अख्खी घटना नव्यानं लिहायचा अधिकार कोणी दिला होता? परीक्षेपुरतं नकोय, नीट समजून घ्यायचंय.

विजापूर_नाका
ताई, पैशापासून सुरुवात करा, सगळं उलगडत जाईल. माझी अख्खी नोकरी जकात नाक्यावर गेली. रात्री सुताच्या गाठींचा ट्रक यायचा, ड्रायव्हर बिल्टी पुढं करायचा. आम्ही वर चढून गाठी मोजायचो, कार्बन घालून पावती फाडायचो आणि सकाळी भरणा करायचो. शहराचा पैसा रोजच्या रोज शहराच्या हातात. जकात बंद झाल्यावर अनुदानाकडं डोळे लावून बसणं काय असतं, तेही पाहिलंय. म्हणून हा विषय मला इतका जवळचा वाटतो.

अमेरिकेच्या काँग्रेसकडं, म्हणजे तिथल्या संसदेकडं, असा एकही नाका नव्हता. तिला कर लावायचा अधिकारच नव्हता. तेरा राज्यांना नुसतं मागायचं आणि त्यांनी जमेल तसं द्यायचं. १७८२ सालासाठी ८० लाख डॉलर मागितले, हातात पाच लाखसुद्धा आले नाहीत. आयात मालावर फक्त ५ टक्के कर लावू द्या, अशी विनंती १७८१ मध्ये केली. पण आर्टिकल्समध्ये बदल करायचा तर तेराच्या तेरा राज्यांचा होकार लागे. बारा तयार होत आली, एकटं ऱ्होड आयलंड अडून बसलं. बंदर त्यांचं, त्या बंदराचं उत्पन्न त्यांना दुसऱ्याच्या हाती द्यायचं नव्हतं. १७८३ ला पुन्हा प्रस्ताव आणला, तेव्हा न्यूयॉर्कनं अडवला.

युद्ध जिंकलं ते फ्रान्सच्या कर्जावर आणि सैनिकांच्या थकलेल्या पगारावर. जून १७८३ मध्ये पगारासाठी चिडलेल्या शिपायांनी फिलाडेल्फियाचं स्टेट हाऊस वेढलं. काँग्रेसनं पेनसिल्व्हेनियाकडं संरक्षण मागितलं, त्या राज्यानं आपली फौज बोलावली नाही. देशाची संसद शहर सोडून प्रिन्स्टनला गेली. आज वॉशिंग्टन शहर कुठल्याच राज्यात नाही, त्याचं मूळ या प्रसंगात बरंचसं सापडतं.

आता मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांकडं या. हा भाग घाईनं वाचू नका. यातले बरेच जण माजी सैनिक. पगाराऐवजी त्यांना 'पैसे नंतर देऊ' असे सरकारी कागद मिळाले होते आणि घर चालवायला ते कागद त्यांनी मातीमोल भावानं विकून टाकले. विकत घेणारे बहुतेक शहरातले व्यापारी. मग त्या कागदांची परतफेड करायला राज्यानं कर लावला, तोही चांदीच्या नाण्यात, आणि वसुली याच शेतकऱ्यांकडून. कर नाही भरला की कोर्टात खेच, जमीन लिलावात. ऑगस्ट १७८६ मध्ये लोकांनी नॉर्थहॅम्प्टनचं कोर्टच भरू दिलं नाही. त्यांचा एक पुढारी डॅनियल शेज, युद्धातला कॅप्टन. लाफायेत या फ्रेंच सेनानीनं भेट दिलेली तलवार त्याला पैशासाठी विकावी लागली होती. जानेवारी १७८७ मध्ये हे लोक स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले, राज्याच्या शिपायांनी तोफ डागली, चार माणसं मेली. शस्त्रागार काँग्रेसचं, पण राखायला काँग्रेसकडं फौज नव्हती. बंड मोडायला जी फौज उभी केली, तिचा खर्च बॉस्टनच्या धनिकांनी वर्गणी काढून भागवला.

मे महिन्यात फिलाडेल्फियाची बैठक बसली ती या पार्श्वभूमीवर. नव्या काँग्रेसच्या अधिकारांची यादी उघडून बघा, पहिलाच अधिकार कर लावण्याचा आणि गोळा करण्याचा आहे.

पार्क_चौक
काका, उत्तम लिहिलंत. एक बाजू मात्र राहिली, ती मी मांडतो. तीन-पंचमांशाचा हिशेब पण या पैशाच्या भांडणातूनच जन्मला. १७८३ मध्ये राज्यांनी द्यायचा वाटा लोकसंख्येवर ठरवावा असं निघालं. तेव्हा दक्षिणेतली राज्यं म्हणाली, गुलाम कमी धरा. पाच गुलामांमागं तीन डोकी असा तोडगा निघाला, लागू काही झाला नाही. १७८७ ला प्रश्न प्रतिनिधिगृहातल्या, म्हणजे लोकसंख्येवर जागा ठरणाऱ्या सभागृहातल्या, जागांचा आला, तेव्हा त्याच राज्यांना गुलाम पूर्ण मोजून हवे होते. शेवटी तेच प्रमाण घटनेत शिरलं. ज्यांना मत नाही, ज्यांची बाजारात खरेदी-विक्री होते, त्यांच्या डोक्यांवर मालकांना जादा जागा मिळाल्या. शिवाय १८०८ पर्यंत गुलामांची आयात काँग्रेसला बंद करता येणार नाही, असं लिहून दिलं. १७९० च्या पहिल्या जनगणनेत ३९ लाखांत जवळपास सात लाख गुलाम होते. तुमच्या पेपरात हे दोन ओळींत उरकू नका, ही माझी कळकळीची विनंती.

सातरस्ता_अभ्यासिका
दोघांचे मनापासून आभार. तलवारीचं वाचून वाईट वाटलं. १७८३ चा धागा तर आमच्या पुस्तकात कुठंच नाही. अधिकाराचा प्रश्न मात्र राहिला, काका.

विजापूर_नाका
पार्क चौकवाल्यांचं शंभर टक्के बरोबर, ते मीच लिहायला हवं होतं.

अधिकाराचं असं. २१ फेब्रुवारी १७८७ च्या ठरावात काँग्रेसनं फक्त आर्टिकल्समध्ये दुरुस्ती करायला सांगितलं होतं. जमलेल्यांनी दारं-खिडक्या लावून घेतल्या, बाहेर ब्र काढायचा नाही असं ठरवलं आणि सगळंच नव्यानं लिहिलं. ५५ जण येऊन गेले, १७ सप्टेंबरला सह्या ३९ जणांच्या. ऱ्होड आयलंडनं कुणालाच पाठवलं नाही. म्हणजे कागदावर अधिकार नव्हताच. ही उणीव त्यांनी कशी भरून काढली? मसुदा राज्यांच्या विधिमंडळांकडं मंजुरीला न पाठवता, खास त्यासाठी निवडलेल्या परिषदांपुढं ठेवायचं ठरलं आणि तेराऐवजी नऊ राज्यं पुरेशी धरली. नियम त्यांनी मोडला, हे मी झाकणार नाही. पण त्या परिषदांत महिनोन् महिने उघड वाद झाले, विरोधकांनी हक्कांची सनद मागितली आणि १७९१ मध्ये पहिल्या दहा दुरुस्त्या आल्या त्या या दबावामुळंच. बंद खोलीतल्या कामाला वजन आलं ते माझ्या मते या वादांमुळं. नववं राज्य न्यू हॅम्पशायर, २१ जून १७८८. ऱ्होड आयलंड अगदी शेवटी, २९ मे १७९० ला, ३४ विरुद्ध ३२ मतांनी.

बैठकीतला एक प्रतिनिधी जेम्स मॅडिसन यानं तिथं रोज टिपलेल्या नोंदी त्याच्या मृत्यूनंतर १८४० ला छापून आल्या, आता नेटवर फुकट मिळतात. १६ जुलैला 'मोठ्या राज्याला आणि छोट्या राज्याला सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या दुसऱ्या सभागृहात, सारखंच मत' ही तडजोड ५ विरुद्ध ४ राज्यांच्या मतांनी कशीबशी पास झाली. त्याआधीचे दोन आठवडे आधी वाचा. अडलं तर इथंच विचारा.