जुन्या गोठ्याचं हॉलिडे कॉटेज करायचंय, सुरुवात कुठून करू?

रानवाट: नमस्कार मंडळी, शेतावर आमचा आजोबांच्या वेळचा दगडी गोठा आहे, गुरं जाऊन बरीच वर्षं झाली, आता आत नुसती अडगळ. भिंतींची जोडणी मातीची, वर लाकडी तुळया आणि माळा, छपराला जुने सिमेंटचे पत्रे. पाहुण्यांना चार दिवस निवांत राहता येईल असं छोटं कॉटेज करायचंय. गवंडी म्हणतो आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा मारू, ओल दिसणार नाही. मला ते पटत नाहीये. अनुभवी लोकांनी प्लीज सांगा, गोठ्याचं गोठेपण मोडायचं नाहीये.

चुनखडी: ताई, सिमेंट अजिबात नको! अशा भिंतीत जमिनीतली ओल चढतेच, तिला बाहेर पडायला वाट हवी, सिमेंटनं ती बंद केली की ओल आणखी वर सरकते, मातीची जोडणी भुसभुशीत होते आणि भिंतीत रुतलेली तुळईची टोकं कुजायला लागतात. चुन्याचा गिलावा करा, एक भाग चुना तीन भाग वाळू, पातळ थरांत, आणि कडक उन्हात पटकन वाळू देऊ नका.

अजून एक, हे गोठ्यात जास्त येतं. शेण-मूत्राचे क्षार भिंतीत मुरलेले असतात, खालच्या भागात पांढरी खार फुटते, बोटानं खरवडली तर पिठासारखी पडते. ती पाण्यानं धुवू नका, परत आत मुरेल. कोरड्या ब्रशनं झाडा, गोळा करून लांब टाका, मग चुन्याचा एक कच्चा थर देऊन त्याला क्षार ओढून घेऊ द्या, तो काढून टाका आणि मगच पक्का गिलावा. वेळ जातो पण रंगाचे पोपडे पडत नाहीत.

बाहेरची माती आतल्या जमिनीपेक्षा उंच असेल तर आधी ती उतरवा. मात्र भिंतीला लागून पायाच्या खाली खणू नका.

सुतारपक्षी: त्याआधी छप्पर! वरून गळतंय तोवर खाली काही करण्यात अर्थ नाही. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस (फुफ्फुसांना घातक तंतू) असू शकतं, फोडू नका, ड्रिल मारू नका, तपासून घ्या आणि जाणकार माणसांकडूनच उतरवा. आढ्याला घुबड किंवा वटवाघळं असतील तर पिल्लांचा काळ जाऊ द्या. तुळयांच्या टोकांना स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, सहज आत गेला तर लाकूड गेलं. तरी अख्खी तुळई काढायची गरज नसते, कुजलेलं टोक कापून नवा तुकडा सांधा मारून बोल्टनं जोडता येतो, फक्त आधी खालून टेकू द्या आणि वजनाचा हिशोब इंजिनिअरकडून करून घ्या.

रानवाट: खूप आभार दोघांचे! माळ्यावर बेडरूम चालेल का?

सुतारपक्षी: डोक्याला उंची मिळत असेल तर चालेल, पण जिन्याशिवाय बाहेर पडता येईल अशी मोठी खिडकी हवीच, आणि खाली-वर दोन्हीकडे स्मोक अलार्म. वायरिंग सगळं नवीन, ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीसकट (करंट गळला की वीज लगेच तोडणारा स्विच).

चुनखडी: आणि गव्हाण तोडू नका हो! घासून-पुसून वर फळी टाकली की खिडकीखाली मस्त बैठक होते. मोठं दारही तसंच ठेवा, आतल्या बाजूला काचेची चौकट बसवा, दिवसा पल्ले उघडले की उजेडच उजेड. भिंतींचे फोटो टाका ना इथे, खार किती उंचीपर्यंत आलीये ते बघून पुढचं सांगते.