भाऊबीजेची भेट आणि नाजूक त्वचा : शेव्हिंग साबणाची पूर्ण वडी आधी की नमुना?

ए-602 :
नमस्कार मंडळी. भाऊबीजेला अजून पाच आठवडे आहेत, तरी आत्ताच विचारून ठेवते. माझा धाकटा भाऊ वारज्याला राहतो. त्याची त्वचा लहानपणापासून नाजूक आहे. दाढी केली की गळ्यावर लाल पुरळ उठते आणि पुढचे दोन दिवस शर्टाची कॉलर लागली तरी त्याला सहन होत नाही. गेल्या रविवारी एरंडवण्यात एका प्रदर्शनात हाताने बनवलेले शेव्हिंग साबण पाहिले. चंदन, लवंग-संत्रे, गवती चहा असे पाच-सहा प्रकार होते आणि सगळ्यांचाच वास सुरेख होता. एक वडी साडेसातशे रुपयांची आहे. आपल्या सोसायटीत ब्रशने फेस करून दाढी करणारे बरेच जण आहेत, म्हणून विचारते : त्याच्यासाठी यातला कोणता साबण घ्यावा?

बी-304 :
वहिनी, आपण घेण्याआधी विचारलेत हे फार चांगले केलेत. माझे मत असे की यातली कोणतीही पूर्ण वडी सध्या घेऊ नये; आधी दोन किंवा तीन प्रकारांचे दहा-दहा ग्रॅमचे नमुने घ्यावेत. माझीही त्वचा आपल्या भावासारखीच आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका प्रदर्शनातून मी लवंग आणि दालचिनीच्या वासाची 120 ग्रॅमची वडी आणली होती. पहिल्या दिवशी दाढी इतकी मुलायम झाली की मी वडिलांनाही तोच साबण वापरायला सांगितले. दुसरा दिवसही उत्तम गेला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कानामागे आणि जबड्याच्या खाली चुरचुरू लागले आणि चौथ्या दिवशी सकाळी तिथे लाल, किंचित सुजलेले चट्टे दिसले. मी आधी ब्लेडला दोष दिला आणि ब्लेड बदलले, मग उलट्या दिशेने पाते फिरवणे बंद केले; साबणावर मात्र शंका घेतली नाही, कारण पहिले दोन दिवस त्याने काहीच त्रास दिला नव्हता. शिवाय पैसे मोजून आणलेली वडी टाकवत नाही. त्यामुळे आणखी आठ दिवस मी तोच साबण लावत राहिलो आणि त्वचा पूर्ववत व्हायला त्यानंतर जवळजवळ तीन आठवडे लागले. वडिलांना त्या साबणाचा काहीही त्रास झाला नाही, हेही सांगायला हवे. दुसऱ्याला मानवलेला साबण आपल्याला मानवेलच असे नाही, हे मी तेव्हा समजलो आणि तेव्हापासून नमुना वापरल्याशिवाय एकही वडी घेतलेली नाही.

नमुना म्हणजे डबी उघडून वास घेणे नव्हे. एका दाढीला साधारण एक ते दीड ग्रॅम साबण लागतो, म्हणजे दहा ग्रॅममध्ये सहा ते दहा वेळा दाढी होते आणि निर्णय करायला तेवढे वापर लागतातच. पहिल्या दोन वेळा त्या साबणाला पाणी किती लागते हेच कळत नाही : पाणी कमी पडले तर फेस पिठल्यासारखा घट्ट राहतो आणि पाते अडखळते, जास्त झाले तर मोठे बुडबुडे येऊन फेस मिनिटभरात बसतो. तिसऱ्या वेळेपासून साबणाचा खरा गुण समजू लागतो आणि त्वचेची तक्रार असलीच तर तीही बहुधा त्याच सुमारास सुरू होते.

छोटा तुकडा तसाच वाटीत टाकला तर ब्रशबरोबर तो गरगर फिरतो आणि ब्रशवर साबण चढत नाही. त्यासाठी मी तुळशीबागेतून आणलेली एक पसरट स्टीलची वाटी वापरतो. हाताने बनवलेला साबण बहुधा मळलेल्या कणकेइतका मऊ असतो. तो अंगठ्याने वाटीच्या तळाला दाबून पातळ थर बसवायचा, वर चार-पाच थेंब कोमट पाणी टाकून दोन मिनिटे ठेवायचे आणि मग ओला करून झटकलेला ब्रश त्यावर अर्धा मिनिट फिरवायचा. वडी कडक असेल तर ती जुन्या किसणीवर किसून घ्यावी, म्हणजे तोही तळाला नीट चिकटतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या काळात बाकी काहीही बदलू नये. रेझर तोच, ब्लेड त्याच कंपनीचे आणि सुरुवातीला नवे, आफ्टरशेव्ह नाही आणि तुरटीही नाही. कारण तुरटी स्वतःच चुरचुरते आणि मग दोष कोणाचा हे ठरत नाही. मी तर पहिल्या तीन वेळा उजव्या गालावर आणि गळ्याच्या उजव्या बाजूला नवा साबण, तर डाव्या बाजूला नेहमीचे क्रीम लावतो. हात तोच आणि ब्लेडही तेच असल्यामुळे दोन बाजूंत जो फरक दिसतो तो साबणाचाच असतो.

सी-505 :
दादा, मीही गेल्या महिन्यात एका विक्रेत्याकडे नमुना मागितला होता, पण पूर्ण वडीच घ्यावी लागेल असे उत्तर मिळाले. अशा वेळी काय करावे?

बी-304 :
तर त्यांचा साबण घेऊ नये, असे मी स्पष्टच म्हणेन. अमेरिकेत स्टर्लिंगसारखे लहान उत्पादक आपल्या साबणांचे नमुने वेगळे विकतात. गिऱ्हाईक पाच वास घरी नेते, महिनाभर वापरते आणि मग एकाची मोठी डबी मागवते. आपल्याकडचे उत्पादकही मनापासून विचारले तर बहुतेक वेळा छोटी डबी भरून देतात, त्याचे शंभर-सव्वाशे रुपये घेतात, आणि ते घेणे योग्यच आहे.

डी-101 :
आपण सगळे साबणाबद्दल बोलत आहात, परंतु पाण्याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. मी तीस वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवले आहे, त्यामुळे हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

शेव्हिंग साबणात स्टिअरिक आम्लाचे प्रमाण मोठे असते आणि त्यावर मुख्यतः पोटॅशियम हायड्रॉक्साइडची प्रक्रिया केलेली असते. अंगाच्या साबणात सोडियम हायड्रॉक्साइड असते, म्हणून ती वडी कडक होते. पोटॅशियमचा साबण मऊ राहतो आणि पाण्यात लवकर मिसळतो, तर स्टिअरिक आम्लामुळे फेस साईसारखा दाट होऊन टिकून राहतो. खोबरेल तेल अधिक असलेल्या साबणाचा फेस पटकन आणि भरपूर येतो, पण तो मोठ्या बुडबुड्यांचा असतो, लवकर बसतो आणि त्वचेचा तेलकटपणाही जास्त ओढून घेतो. ज्यांची त्वचा कोरडी व नाजूक आहे त्यांनी घटकांच्या यादीत खोबरेल अगदी वर नाही ना, हे पाहावे.

आता पाण्याविषयी. पुस्तकात आपण ज्याला दुष्फेन पाणी म्हणत होतो, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. हे क्षार साबणाशी संयोग पावतात आणि न विरघळणारा साका तयार होतो. बादलीच्या कडेला आणि नळाखालच्या फरशीवर जो पांढरा थर बसतो, त्यात हाच साका असतो. पालिकेचे पाणी खडकवासल्याकडच्या धरणांतून येते आणि ते बऱ्यापैकी सुफेन असते. मार्चपासून आपल्याकडे बोअरचे आणि टँकरचे पाणी मिसळले जाते, ते खडकातले क्षार घेऊन येते. तोच साबण, तोच ब्रश आणि तोच माणूस असूनही दिवाळीत दाट येणारा फेस एप्रिलमध्ये विरळ येतो. फेस विरळ झाला की पात्याखालचा आधार जातो आणि त्वचा सोलवटते. दोष मात्र साबणावर येतो.

उपाय सोपा आहे. नमुना वापरताना पिण्याच्या आरओचे एक तांब्याभर पाणी कोमट करून घ्यावे आणि ब्रश, वाटी, फेस यांसाठी तेच वापरावे. वहिनी, आपल्या भावाकडे पाणी कोणते येते हेही एकदा विचारून घ्यावे.

बी-304 :
सर, हे मला खरेच सुचले नव्हते. माझ्या नोंदींत दोन साबण ‘फेस बसतो’ म्हणून नापास केलेले आहेत आणि दोन्ही मे महिन्यातले आहेत. ते मी आरओच्या पाण्यावर पुन्हा वापरून पाहतो.

बी-708 :
मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, म्हणून वैद्यकीय बाजू मांडते. दादांनी सांगितलेला अनुभव आमच्याकडे येणाऱ्या अनेक रुग्णांसारखाच आहे. साबणाचा त्रास दोन प्रकारांनी होतो. पहिल्या प्रकारात लावताक्षणी किंवा थोड्याच वेळात आग होते. ही क्षोभाची प्रतिक्रिया असते आणि ती कोणालाही होऊ शकते, कारण खऱ्या साबणाचा पीएच नऊ ते दहाच्या आसपास असतो आणि आपल्या त्वचेचा साधारण पाच. दुसरा प्रकार ॲलर्जीचा. ती एक ते तीन दिवसांनी प्रकट होते, आणि शरीराने तो घटक पहिल्यांदाच ओळखायला घेतला असेल तर त्याला दहा-पंधरा दिवसही लागतात. एकदा दाढी करून ‘मला काही झाले नाही’ असे म्हणणे म्हणूनच पुरेसे नाही.

प्रसाधनांमुळे होणाऱ्या ॲलर्जीत सुगंधी द्रव्ये हे सर्वांत नेहमीच्या कारणांपैकी एक आहे. लवंगेतले युजेनॉल, दालचिनीतले सिनॅमल, गवती चहातले सिट्रल, संत्र्याच्या सालीतले हवा लागून बदललेले लिमोनिन ही सगळी त्यात येतात. प्रदर्शनात ‘संपूर्ण नैसर्गिक’ असे लिहिलेले असते, परंतु त्वचेला नैसर्गिक तेल आणि कारखान्यातले द्रव्य यांतला भेद कळत नाही. युरोपात अशा 26 सुगंधी घटकांची नावे, ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असल्यास, वेष्टनावर वेगळी छापण्याचा नियम 2003 मध्ये झाला आणि 2023 मध्ये ती यादी 80 च्या वर गेली. आपण निदान बनवणाऱ्याला ही नावे विचारू शकतो. आणखी एक गोष्ट : ‘अनसेंटेड’ लिहिलेल्या वस्तूत मूळ वास झाकण्यासाठी सुगंध घातलेला असू शकतो, म्हणून ‘सुगंधी द्रव्य अजिबात नाही’ असे उत्तर मिळवावे. मेंथॉलचा थंडावा छान वाटला तरी नाजूक त्वचेने तोही सुरुवातीला टाळावा. लोकरीपासून मिळणारे लॅनोलिन बहुतेकांची त्वचा मऊ ठेवते, पण काहींना त्याचीच ॲलर्जी असते.

चेहऱ्यावर लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर त्या साबणाचा फेस लावावा, पाच मिनिटे ठेवून धुऊन टाकावा आणि हे दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस करावे. साबण लावून त्यावर पट्टी बांधू नये. झाकून ठेवलेला साबण कोणाच्याही त्वचेला चटका देतो आणि निष्कर्ष चुकतो. जागा लाल झाली, खाज सुटली की तिथेच थांबावे. आणि वहिनी, भावाला प्रत्येक दाढीनंतर पुरळ येत असेल तर साबणाइतकाच आत वळलेल्या केसांचाही संशय घ्यायला हवा. गळ्यावरचे केस सरळ खाली वाढत नाहीत, आडवे-तिरके वाढतात; बोटाने चाचपून दिशा पाहावी आणि त्या दिशेनेच पाते फिरवावे. सध्या पुरळ असेल तर ते पूर्ण बरे होईपर्यंत कोणताही नमुना लावू नये.

ई-203 :
आमच्या घरी हा प्रश्न वेगळ्या कारणाने आला होता. आम्ही शाकाहारी आहोत. काही शेव्हिंग साबणांत जनावराची चरबी असते हे आम्हाला ठाऊक नव्हते. घटकांत ‘टॅलो’ किंवा ‘टॅलोएट’ दिसले तर ती चरबी असते. ज्यांना चालत नसेल त्यांनी आधी वाचावे.

बी-304 :
बरोबर आहे. कोकमाचे लोणी किंवा शिया बटर घातलेले शाकाहारी साबणही उत्तम असतात. मी सध्या कोकमाचा, बिनवासाचा वापरतो आणि डिसेंबरच्या कोरड्या थंडीतही त्याने त्वचा ओढल्यासारखी होत नाही. वेष्टनावर घटकांची यादी, परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक नसेल, तर वास कितीही आवडला तरी मी तो साबण घेत नाही.

सी-505 :
एक सुचवतो. बिनवासाची एक वडी आपण पाच-सहा जणांनी मिळून घेतली आणि वाटून घेतली तर? म्हणजे विक्रेत्याने नमुना दिला नाही तरी अडणार नाही.

बी-708 :
कल्पना चांगली आहे, फक्त वडी कोरडी असतानाच, कोणाचाही ब्रश लागण्याआधी, स्वच्छ सुरीने तुकडे करून वेगवेगळ्या डब्यांत भरावी. एकाच वडीवर अनेकांचे ब्रश फिरता कामा नयेत. दाढी करताना बारीक जखमा होतात आणि रेझर, ब्रश यांच्या सामाईक वापरातून संसर्ग पसरण्याचा धोका असतो.

ए-602 :
सर्वांचे मनापासून आभार. मी लवंग-संत्र्याची वडी जवळजवळ ठरवली होती. आज त्या प्रदर्शनातल्या ताईंना फोन केला. त्यांनी घटक न कंटाळता वाचून दाखवले. लवंगेच्या साबणात युजेनॉल आहेच. त्यांच्याकडे सुगंधी द्रव्य अजिबात न घातलेला एक साबण आहे, तो त्या मांडणीत ठेवत नाहीत, कारण वासाशिवाय कोणी उचलत नाही. त्याचे आणि चंदनाचे दहा-दहा ग्रॅमचे नमुने त्या देणार आहेत. भावालाही सांगून टाकले. भेट आधी कळली म्हणून मला वाईट वाटत होते, पण तो म्हणाला की ताई, गळा न चुरचुरता दाढी झाली तर तीच भाऊबीज. त्याच्याकडे उन्हाळ्यात टँकर असतो, सध्या पालिकेचे पाणी आहे. आधी बिनवासाचा कोपरावर दहा दिवस, तो मानवला तर गळ्यावर, चंदनाचा त्यानंतरच. पाच आठवड्यांत बिनवासाच्या साबणाचा तरी निकाल लागेल.

बी-304 :
उत्तम. त्याला एक छोटी वही करायला सांगा : तारीख, ब्लेड कितव्यांदा वापरले, पाणी कोणते, आणि त्या रात्री व दुसऱ्या सकाळी गळा कसा होता, एवढे चारच रकाने. माझ्याकडे एक जादा पसरट वाटी आणि न वापरलेला सिंथेटिक ब्रश आहे. जनावराच्या केसांच्या ब्रशपेक्षा तो गळ्याला मऊ लागतो आणि लवकर वाळतो. उद्या सकाळी वॉचमनच्या केबिनमध्ये आपल्या नावाने ठेवून देतो.

सी-505 :
मग आम्हा बाकीच्यांसाठी त्याच बिनवासाच्या साबणाची एक पूर्ण वडी मी मागवतो. सध्या मी, ई-203 आणि डी-101 सर असे तिघे आहोत. आणखी दोघांनी शुक्रवारपर्यंत कळवावे. झाकणाची छोटी डबी प्रत्येकाने आपापली, धुऊन आणि पूर्ण कोरडी करून आणावी.