एचआरवाल्यांनो, तुमचं समाधान कशात आहे? (अनुभव धागा)

टाइमऑफिस

आमच्या कंपनीत वर्षातून एकदा कर्मचारी समाधान सर्व्हे होतो. तो पाठवते मीच. 'तुमच्या कामाची दखल घेतली जाते का', 'तुमचं मत ऐकलं जातं का' असे प्रश्न, एक ते पाच गुण. ज्यांनी भरला नाही त्यांच्या मागे लागायचं कामही माझंच. निकाल विभागवार लागतो, पण जिथे माणसं अगदी थोडी आहेत त्या विभागाचा आकडा वेगळा दाखवत नाहीत, कारण मग कोणी काय लिहिलं ते लगेच ओळखू येतं. आम्ही एचआरमध्ये चौघं. त्यामुळे आमचं समाधान दरवर्षी 'इतर' या रकान्यात जातं, ॲडमिन आणि ट्रान्सपोर्टच्या सोबत.

तर इथे लिहा. आयआर (युनियन आणि कामगारांशी संबंध सांभाळायचं काम), भरती, पेरोल, ट्रेनिंग, कारखाना, आयटी, हॉस्पिटल, काहीही चालेल. कंपनीचं नाव नको. 'पगार कमी, शिव्या जास्त' हे गृहीत धरलंय, त्याच्या पुढचं लिहा.

माझं आधी सांगते. मला फुल अँड फायनल, म्हणजे नोकरी सोडणाऱ्याचा शेवटचा हिशेब, करायला आवडतं. हसू नका. सोडून जाणाऱ्या माणसात कोणालाच रस उरलेला नसतो. साहेब रुसलेला, आयटीला लॅपटॉप हवा, टीम नवीन माणूस शोधतेय. त्या माणसाची शिल्लक रजा, ग्रॅच्युइटी, पीएफचं ट्रान्सफर, फॉर्म १६, सगळं नीट लावून फाइल बंद केली की मला बरं वाटतं. नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली. तिच्यानुसार नोकरी सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत वेतन चुकतं करायचं आहे. फायनान्सवाले कपाळाला हात लावून बसलेत. मी मनातल्या मनात पेढे वाटले, कारण आधीचे पंचेचाळीस दिवस हे कंपनीचं 'धोरण' होतं आणि त्यासाठी येणारे फोन मी घ्यायचे.

नको वाटतं ते रेटिंग. मॅनेजर सगळ्यांना 'उत्तम' देतो, मग बेल कर्व्हमध्ये (वर थोडे, मधे जास्त, खाली थोडे अशी ठरलेली वाटणी) बसवण्यासाठी कोणाला तरी खाली ओढलं जातं आणि मॅनेजर त्याला सांगतो, 'मी दिलं होतं रे, एचआरनं कमी केलं.'

पहिली पाळी

चाकण पट्ट्यात आयआर बघतो. आधी भोसरीत होतो. एमपीएम (पर्सोनेल मॅनेजमेंटची पदव्युत्तर पदवी) केलं तेव्हा वाटलं होतं माणसांशी बोलायचं काम आहे. आहेच, पण त्यातलं निम्मं बोलणं कँटीनच्या भाजीबद्दल आणि बसच्या थांब्याबद्दल असतं, ही गोष्ट कॉलेजात कोणी सांगत नाही.

लोक विचारतात, करार झाला की समाधान वाटत असेल ना? तीन-चार वर्षांनी युनियनचं मागणीपत्र येतं, महिनोन् महिने बैठका चालतात, बाहेर गेट मीटिंगमध्ये आपल्या नावानं घोषणा, आणि आत तोच अध्यक्ष आपल्याच डब्यातली चटणी खातो. शेवटी सह्या होतात. दुसऱ्या दिवशी कामगार म्हणतात फार कमी मिळालं, मुंबईचं हेड ऑफिस म्हणतं फार जास्त दिलं. दोन्हीकडून शिव्या सारख्या पडल्या तर करार बरा झाला असं समजायचं. यात समाधानापेक्षा सुटकाच जास्त.

खरं समाधान मला एका वेगळ्याच कामात सापडलं. आमच्याकडचा एक वेल्डर अपघातात गेला, कंपनीबाहेर, घरी जाताना. पीएफला वारस म्हणून आईचं नाव, लग्नाच्या आधी लावलेलं. लग्न झालं की ते जुनं नॉमिनेशन कायद्यानं बाद होतं, पण हे ना त्याला माहीत ना बायकोला. सासू-सुनेत आधीच बोलणं नव्हतं. पीएफ, विधवा पेन्शन, ईडीएलआयचा विमा (पीएफसोबतचा आयुर्विमा, त्याची कमाल रक्कम ७ लाख आहे, कित्येकांना ही योजनाच माहीत नसते), प्रत्येकाचा फॉर्म वेगळा आणि आधारवरचं नाव एका अक्षरानं वेगळं. मिळालं सगळं, पण वेळ फार गेला.

तेव्हापासून मी जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसतो. ज्याचं लग्न झालं, मूल झालं, त्याचं ई-नॉमिनेशन तिथेच. फोटो अपलोड होत नाही, ओटीपी दुसऱ्याच मोबाइलवर जातो, भांडणं होतात. कंत्राटी मुलंही येतात. ती कागदोपत्री माझी नाहीत, कंत्राटदाराची आहेत, पण यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, तर त्यांचाही असतो. हे माझ्या केआरएमध्ये (कंपनीनं ठरवून दिलेल्या कामांच्या यादीत) कुठेही नाही आणि मी ते घालूही देत नाही. घातलं की टार्गेट येईल.

सोमवारी फोन बंद

हिंजवडी, भरती. नाव वाचून कळलं असेलच. नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा, त्या नव्वद दिवसांत उमेदवार आमचं ऑफर लेटर दाखवून आणखी तीन ऑफर घेतो, आणि जॉइनिंगच्या सोमवारी फोन बंद. मी दोष देत नाही. नव्वद दिवस कोणी मागितले? आम्हीच.

समाधान: करिअरमध्ये गॅप पडलेल्या बाया. सिस्टिम त्यांचे सीव्ही आपोआप खाली ढकलते, मी हातानं वर काढते. बस.

डीबगर

मी एचआरमधला नाही, पण लिहितो. २०२३ मध्ये आमची अख्खी टीम काढली. पंधरा मिनिटांचा कॉल, मॅनेजरचा कॅमेरा बंद, एचआरची मुलगी लिहून दिलेलं वाचत होती. शेवटी म्हणाली, आज संध्याकाळपर्यंत राजीनामा मेल करा, म्हणजे रिलीव्हिंग लेटरला अडचण येणार नाही. मुलगी रडवेली झाली होती हे दिसत होतं. मला तरीही तिचा राग आला आणि अजूनही आहे. तुम्हाला समाधान मिळतं की नाही याच्याशी मला काय घेणंदेणं? वरती कँटीनचं वाचून छान वाटलं, पण माझ्या अनुभवात एचआर कंपनीचाच माणूस असतो.

टाइमऑफिस

डीबगर, राहू द्या हा प्रतिसाद. धाग्याला याची गरज होती.

तीच ती

डीबगर, तुमच्या कॉलवरची मी नसेन, पण तसे कॉल मी घेतलेत. यादी आदल्या संध्याकाळी येते. नावं आपण ठरवलेली नसतात, कारण विचारायचं नसतं, आणि वाचायचा मजकूर वकिलाकडून तपासून आलेला असतो, त्यातला शब्द बदलायचा नाही. 'मला वाईट वाटतंय' असं म्हणायचीही परवानगी नव्हती, कारण ते रेकॉर्ड होतं.

माझ्या हातात होतं ते एवढंच की शेवटचा दिवस कोणता धरायचा. ग्रुप मेडिक्लेम बहुतेक ठिकाणी शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंतच चालतो. एकाची बायको त्या महिन्यात बाळंत व्हायची होती. मी फायनान्सशी भांडून त्याची तारीख पुढे ढकलून घेतली. त्याला हे आजही माहीत नाही, तो मला ब्लॉक करून बसलाय. यातून समाधान मिळालं का? हो, मिळालं, आणि त्याचीच मला थोडी लाज वाटते, कारण बाकीच्यांचं काय?

आणि इथे वाचणाऱ्या सगळ्यांना एक सांगते. 'राजीनामा द्या' म्हटलं की लगेच देऊ नका. स्वतः राजीनामा दिला की छाटणीची भरपाई मागायला जागाच उरत नाही. विचार करायला वेळ मागा, सगळं लेखी मागा. हे मी नोकरी सोडल्यावर सांगू शकतेय, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

बदली रजिस्टर

मी निवृत्त. १९७९ साली परळच्या एका गिरणीत लेबर ऑफिसर म्हणून लागलो. वरचे अनुभव वाचून वाटलं की आमच्या वेळचं थोडं सांगावं.

गिरणीत कायम कामगारांखेरीज बदली कामगार असत. कोणी गैरहजर राहिला तर त्याच्या साच्यावर (मागावर) बदली. सकाळी फाटकाशी बदलीवाले उभे, कोणाला आत घ्यायचं हे पूर्वी जॉबरच्या, म्हणजे खात्यातल्या मुकादमाच्या, मर्जीवर चाले, आणि मर्जी फुकट मिळत नसे. कागदावर ही पद्धत कधीच बंद झाली होती. प्रत्यक्षात माझ्या टेबलाशी येऊन 'साहेब, याला जरा बघा' म्हणणारे रोजच. मी रजिस्टर काटेकोर ठेवलं, ज्याचा क्रम त्याला काम. जॉबर मंडळी वर्षभर माझ्याशी बोलली नाहीत. फाटकावरचा बदलीवाला मात्र नंबर बघून घरी परत जायचा तेव्हा माझ्याकडे रागानं बघत नसे. माझ्या नोकरीतलं समाधान विचाराल तर ते हेच.

पुढे १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणूस घरी. मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४६ प्रमाणे मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, वाटाघाट करायची ती त्यांच्याशीच. कामगार उभे दत्ता सामंतांच्या मागे. म्हणजे ज्यांच्याशी बोलायचं त्यांच्यामागे माणसं नव्हती, आणि ज्यांच्यामागे माणसं होती त्यांच्याशी बोलायची आम्हाला मुभा नव्हती. आम्ही कचेरीत बसून काय करत होतो? गैरहजेरीच्या नोटिसा काढत होतो, रजिस्टर पोस्टानं, कोकणातल्या आणि घाटावरच्या पत्त्यांवर. त्यातल्या निम्म्या माणसांना मी चेहऱ्यानं ओळखत होतो. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. मी ८४ साली ठाण्याला एका केमिकल कंपनीत गेलो.

डीबगर यांचं म्हणणं मला पटतं. लेबर ऑफिसर कंपनीचाच माणूस होता. पगार कोण देतं ते बघा. पण कंपनीच्या माणसानं रजिस्टर सरळ ठेवलं की वाकडं, यानं फाटकावरच्या माणसाला फरक पडायचा.

नेकारची लेक

मी श्टुटगार्टला, आठ-नऊ वर्षं पर्सोनालमध्ये, म्हणजे इथल्या एचआरमध्ये. आधी पुण्यात होते. तीच ती, तुमचं वाचून पोटात कालवलं. इथे नोकरीवरून काढायचं पत्र द्यायच्या आधी बेट्रीब्सराट, म्हणजे कामगारांनी निवडून दिलेली समिती, तिला कारणासकट कळवावंच लागतं. साध्या नोटिशीसाठी त्यांना आठवडाभर वेळ. त्यांचं म्हणणं न विचारता काढलं तर ते काढणंच रद्द. म्हणजे यादी रात्री येऊन सकाळी वाचायची सोय नाही.

याचा अर्थ माझं काम रोमांचक आहे असं नाही. अतिशय कंटाळवाणं आहे. ओव्हरटाइम, पाळ्यांचं वेळापत्रक, सगळ्याला त्यांची संमती, आणि त्यांचे सदस्य माझ्यापेक्षा जास्त कायदा पाठ केलेले. पण पुण्यात मी चांगली वागले तर माणसाचं भलं व्हायचं. इथे मी कशीही वागले तरी त्याला किमान एवढं मिळतंच. चांगुलपणा दाखवायला फारसा वाव नाही म्हणून सुरुवातीला मला रिकामं रिकामं वाटायचं. आता झोप चांगली लागते.

मोळीपूजन

साखर कारखाना, सोलापूर जिल्हा. आमच्यात एचआर म्हणजे टाइम ऑफिसातले दोघं आणि एक लेबर ऑफिसर, तो मी. पगारवाढ ठरते राज्याच्या त्रिपक्षीय समितीत, माणसं ठरतात चेअरमनच्या चिठ्ठीवर, आमच्याकडे उरतं हजेरी आणि समजूत काढणं. हंगाम संपला की हंगामी कामगारांना रिटेन्शन भत्ता (कारखाना बंद असतानाच्या काळाचा) द्यायचा असतो, तो दिवाळीपर्यंत तटलेला. वर्गमैत्रिणीचा भाऊ, मामाचा मेहुणा, सगळेच गावातले. बाजारात भाजी घेताना 'साहेब, आमच्या थकबाकीचं काय?'

बदली रजिस्टर काका, चिठ्ठीला नाही म्हणायची सोय तुमच्या गिरणीत तरी होती.

समाधान एका दिवशी असतं. बॉयलर पेटतो, उसाची मोळी टाकतात, भोंगा होतो आणि पहिल्या पाळीची हजेरी पूर्ण लागते. त्या दिवशी पैशाचं कोणी विचारत नाही.

नाव नको

पुण्यातलं हॉस्पिटल, लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीवर आहे. २०१३ च्या कायद्यानुसार चौकशी नव्वद दिवसांत पुरी करायची आणि त्यातलं काहीही बाहेर बोलायचं नाही. मी आयुष्यात केलेलं सगळ्यात बरं काम त्या फाइलींमध्ये आहे आणि अप्रेझलमध्ये त्याचा उल्लेखही करता येत नाही. इथेही करणार नाही. फक्त आहे म्हणून सांगितलं.

एक्सेलची राणी

एमबीए एचआर, दुसरंच वर्ष. माझं काम म्हणजे वाढदिवसाचे केक, शुक्रवारचे खेळ, रांगोळी स्पर्धा आणि हजेरीची एक्सेल. वरचं वाचून वाटलं तुम्ही सगळे वेगळीच नोकरी करताय. मला यात ना समाधान ना असमाधान, नुसती दमणूक. फील्ड बदलू का?

पहिली पाळी

बदलायच्या आधी पेरोल माग. केक कापणाऱ्या मुलीला कोणीही हलवतं. पीएफ-ईएसआयसीचं (कामगार विम्याचं) चलन, नवीन संहितेत वेतन कशाला म्हणायचं, भत्ते पन्नास टक्क्यांच्या वर गेले की वरचे वेतनात कसे धरायचे, हे ज्याला येतं त्याला मीटिंगला बोलावतात. आणि एकदा तरी प्लांटमध्ये ये.

बदली रजिस्टर

कामगार कायद्याचा पदविका अभ्यासक्रम कर, मुली. नोकरी सांभाळून होतो. आम्ही संध्याकाळी करायचो, गिरणीतून थेट.

एक्सेलची राणी

काका, आमची संध्याकाळ नऊला होते. शनिवार-रविवारचे वर्ग असतात का कुठे? हडपसरच्या बाजूला असतील तर सांगा.