ईशापूर २ए१ पासून कमी खर्चातली स्काउट रायफल: सल्ला हवा आहे

मी अ‍ॅरिझोनात राहतो. येथील कायद्याप्रमाणे घेतलेली, लष्करी साठ्यातून बाहेर पडलेली ईशापूरची २ए१ रायफल माझ्याकडे आहे. बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्याने १९६० च्या दशकात ब्रिटिश ली-एनफील्ड रायफलीचा जुना साचा कायम ठेवून, पण अधिक मजबूत पोलाद वापरून, ती ७.६२ नाटो काडतुसासाठी घडवली. आपल्याकडची म्हणून ती मला विशेष प्रिय आहे. अमेरिकी नेमबाजी प्रशिक्षक जेफ कूपर यांच्या कल्पनेतली स्काउट रायफल, म्हणजे हलकी आणि सोबत वागवायला सोपी रायफल, एक मीटरच्या आत, तीन ते साडेतीन किलोंची आणि दुर्बीण पुढे नळीवर असलेली अशी असते. माझी रायफल सुमारे ११३ सेंटिमीटर लांब आणि चार किलोंहून जड आहे. नळी कापून घ्यावी का, आणि पैसे आधी कशावर खर्च करावेत?

प्रतिसाद १
पहिला खर्च तपासणीवर करावा. बोल्ट (काडतूस आत सारून नळी मागून बंद करणारा सरकता भाग) आणि रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो तो मुख्य सांगाडा) यांवरचे क्रमांक जुळतात का ते पाहावे आणि जाणत्या गनस्मिथकडून, म्हणजे बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून, गेज लावून हेडस्पेस, म्हणजे बोल्ट बंद झाल्यावर काडतुसाला मागेपुढे किती मोकळी जागा उरते ते, मोजून घ्यावे. साठ्यातल्या रायफलींचे बोल्ट अनेकदा अदलाबदल झालेले असतात, त्यामुळे बाहेरून देखणी रायफलही धोकादायक निघू शकते. काडतुसे ७.६२ नाटोचीच वापरावीत, बाजारातली .३०८ विंचेस्टर काडतुसे दिसायला तशीच असली तरी काहींचा दाब अधिक असतो.

नळी मात्र कापू नये, असे माझे ठाम मत आहे. नेम धरण्याच्या मागच्या साइटच्या जागी बसणारा माउंट, म्हणजे दुर्बीण बसवण्याचा आधार, घेतला, तर एकही भोक न पाडता दुर्बीण पुढे बसते, क्लिपने वरून काडतुसे भरण्याची वाट मोकळी राहते आणि उद्या सारे पूर्ववत करता येते. दुर्बीण मात्र डोळ्यापासून लांब ठेवण्यासाठीच बनवलेली, दोन ते अडीच पट मोठे दाखवणारी हवी. नेहमीची दुर्बीण तेथे बसवली तर चित्र जेमतेम दिसते.

प्रतिसाद २
वरील मताचा आदर राखून सांगतो की सुमारे पंचवीस इंचांची नळी तशीच ठेवली, तर झाडीतून चालताना स्काउटचा मूळ उपयोगच उरत नाही. तरीही अस्सल अवस्थेतली २ए१ कापू नये, हे मलाही पटते. कुणीतरी आधीच लाकूड छाटून, दस्ता बदलून ‘बिघडवलेली’ रायफल शोधावी. संग्राहकांना ती नको असल्याने ती स्वस्त मिळते आणि तिच्यावर काम करताना मनाला टोचत नाही. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार नळी सोळा इंचांहून आणि एकूण लांबी सव्वीस इंचांहून कमी होता कामा नये. अठरा-एकोणीस इंच ठेवल्यास मोजमापाची चिंता राहत नाही.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी लिहितो: तेथे ७.६२ नाटो काडतूस नागरिकांना निषिद्ध आहे आणि परवान्याशिवाय नळी आखूड करणे हा शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार गुन्हा आहे.

मूळ प्रश्नकर्ता
दोघांचे मनापासून आभार. माझ्या रायफलीचे क्रमांक जुळतात, म्हणून ती कापणार नाही. आधी हेडस्पेस मोजून घेतो आणि मगच माउंट मागवतो. वजनाबद्दल विचारायचे राहिले: पुढचे लाकूड आतून कोरून काही उपयोग होतो का?

प्रतिसाद १
फरक नगण्य पडतो, शिवाय लाकूड नळीला टेकते तेथला दाब बदलून नेम बिघडतो. ते जसे आहे तसेच राहू द्यावे आणि रुंद, चांगला पट्टा घ्यावा.